छोट्या छेदातून गुडघ्याचं ऑपरेशन: छोटं नेमकं काय असतं, आणि घरी काय तयारी ठेवायची?

लालबागकर

नमस्कार. आईच्या गुडघ्यांबद्दल माहितगारांचं मत हवं आहे.

वय ६७, उंची ५ फूट १ इंच, वजन ७४ किलो. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलंय, बाहेरच्या बाजूची फट शिल्लक आहे. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलाय. गुडघा ११० अंशांपर्यंत दुमडतो, सरळ करताना शेवटचे दहाएक अंश राहतात. मधुमेह आहे, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ८.६. गोळ्या: मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन (मधुमेहाच्या), टेल्मिसार्टन (रक्तदाबाची), ॲस्पिरिन ७५. पाच आठवड्यांपूर्वी त्याच गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन झालंय.

तीन ठिकाणी दाखवलं. एकांनी दुर्बिणीतून साफसफाई सुचवली, दुसऱ्यांनी अर्धा गुडघा बदलायला सांगितलं, तिसऱ्यांनी रोबोटिक पूर्ण गुडघेबदल. "छेद छोटा, दुखणं कमी, लवकर घरी" हे तिघांनीही सांगितलं, त्यामुळे गोंधळ वाढलाय.

आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, संडास सामायिक आणि खाली बसायचा. ऑपरेशननंतरचे पहिले दोन महिने कसे जातील याचा खरा अंदाज हवाय.

---

अस्थिरोग_परळ

तिघांनी सांगितलेली ऑपरेशनं पूर्ण वेगळी आहेत. आधी ऑपरेशन कोणतं ते ठरवा, छेदाच्या लांबीचा विचार त्यानंतर.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये वाटीच्या खाली दोन बाजूंना सेंटिमीटरभराहूनही लहान छिद्रं पाडतात. एकातून साधारण ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण जाते, दुसऱ्यातून हत्यारं, आणि सांधा सलाइनने फुगवून ठेवतात. दोन हाडांमधल्या, फाटून अडकलेल्या गादीचा तुकडा काढणं किंवा ती शिवणं, सांध्यात सुटा फिरणारा तुकडा काढणं, तुटलेलं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) नव्याने बसवणं ही तिची कामं, आणि ती ती उत्तम करते. पण झिजून गेलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, धुण्याने परत येत नाही. २००२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात झीज झालेल्या काही रुग्णांची खरोखर साफसफाई केली होती, तर काहींच्या त्वचेवर नुसते छेद दिले होते. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात दोन्ही गटांच्या वेदनेत आणि चालण्यात फरक दिसला नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या तज्ज्ञगटाने झिजेच्या गुडघ्यात दुर्बीण करू नये असा ठाम सल्ला दिला. एमआरआयवर "गादी फाटली आहे" असं लिहून आलं असेल तर त्याने विचलित होऊ नका. हाडाला हाड टेकलेल्या गुडघ्यात गादी बहुधा फाटलेलीच असते, आणि दुखणं तिच्यामुळे नसतं. तुमच्या आईंसाठी हा पर्याय मी यादीतून काढून टाकीन.

अर्धा गुडघा म्हणजे फक्त आतला झिजलेला कप्पा बदलणं. छेद साधारण ७ ते १० सेंटिमीटर, लिगामेंटं सगळी जागेवर राहतात, आणि बरं झाल्यावर गुडघा बराच आपलासा वाटतो. पण अटी कडक आहेत. पुढचं क्रॉस लिगामेंट शाबूत हवं, बाहेरच्या कप्प्याची कूर्चा पूर्ण जाडीची हवी, वाकलेपण हाताने दाब दिल्यावर सुटायला हवं, सरळ होण्यातली कमी १५ अंशांच्या आत हवी आणि आमवात नको. आईंची सरळ होण्यातली दहा अंशांची कमी या अटीत बसते. वय आणि वजनही आड येत नाही. राहिलेलं उत्तर दाब देऊन काढलेल्या एक्स-रेतून मिळतं, त्याला स्ट्रेस एक्स-रे म्हणतात. तो काढलाय का? काढला नसेल तर "अर्धा चालेल" किंवा "अर्धा चालणार नाही" यातलं काहीच अजून ठामपणे सांगता येणार नाही.

अर्ध्या गुडघ्याची दुसरी बाजूही कळायला हवी. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एकत्रित आकडेवारीनुसार २५ वर्षांनंतर पूर्ण गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के टिकून होते, अर्ध्या गुडघ्यांपैकी सुमारे ७० टक्के. ६७ व्या वर्षी हा फरक ५० व्या वर्षाइतका महत्त्वाचा नसतो. उलट अर्ध्या गुडघ्यात रक्त कमी जातं आणि गंभीर गुंतागुंतही कमी होते.

पूर्ण गुडघेबदलात छोटा छेद म्हणजे २० ते २५ सेंटिमीटरऐवजी १० ते १५. पण त्वचेवरच्या या लांबीला माझ्या लेखी फार किंमत नाही. खरा फरक आत पडतो. नेहमीच्या पद्धतीत मांडीच्या पुढच्या स्नायूला वाटीशी जोडणारा कंडरा उभा चिरून वाटी बाजूला करतात. स्नायू वाचवण्याच्या पद्धतीत आतल्या बाजूचा स्नायू खालून उचलतात किंवा त्यात थोडाच छेद घेतात, आणि वाटी उलटी न करता नुसती सरकवतात. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत पाय सरळ उचलणं लवकर जमतं. तीन ते सहा महिन्यांनी दोन्ही पद्धतींचे रुग्ण जवळपास सारखेच चालतात. हाडाचे काप, धातूचे भाग, मधला पॉलिइथिलीनचा (प्लास्टिकचा) भाग, सिमेंट हे सगळं तेच आणि तेवढंच असतं.

छोट्या छेदाचा तोटा हा की सर्जनला आतलं कमी दिसतं. जागा अपुरी पडली की सांध्याचा भाग तिरका बसू शकतो, त्वचेच्या कडा ओढल्या जाऊन काळवंडतात, वेळ वाढतो. मांडी जाड, वाकलेपण जास्त किंवा आधीचं ऑपरेशन असेल तर सर्जनने छेद बेधडक वाढवावा. म्हणून डॉक्टरांना "छेद किती इंच?" यापेक्षा "अडलं तर वाढवाल ना?" हे विचारा.

रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. तो मापं देतो आणि कापताना आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. काही यंत्रांना आधी सीटी स्कॅन लागतो. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात तात्पुरत्या पिना घालतात, काही वेळा वेगळ्या छिद्रांतून, म्हणजे दोन-चार टाके जास्त. सांधा आखणीप्रमाणे बसण्यात रोबोट नक्कीच अचूक आहे. पण दोन वर्षांनी रुग्णाला स्वतःला जाणवणारा फायदा अजून तितका स्पष्ट दिसलेला नाही. अनुभवी हात आणि रोबोट दोन्ही मिळाले तर छानच, एकच निवडायचं झालं तर हात निवडा.

आणि इंजेक्शन. स्टिरॉइडनंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तुमच्याकडे पाचच आठवडे झालेत, त्यामुळे अजून दोन महिने तरी थांबा. तेवढा वेळ साखरेसाठी हवाच आहे.

---

भूलतज्ज्ञ_वाशी

वरच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून.

८.६ एचबीए१सीवर ठरवून करायचं ऑपरेशन नको. बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८ च्या खाली आणायला सांगतात, कारण जास्त साखरेत जखम हळू भरते आणि संसर्ग वाढतो. त्याच काळात दात, लघवी आणि त्वचा तपासून घ्या. किडलेली दाढ, लघवीतला जंतुसंसर्ग, जांघेतला किंवा बोटांच्या बेचक्यातला गजकर्ण, टाचांच्या खोल भेगा यांतूनच जंतू आत शिरतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोह आताच सुरू करा.

डापाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद व्हायला हवी. ती चालू ठेवून उपाशी राहिलं तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल वाढतं, आणि ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसल्याने ते उशिरा लक्षात येतं. गोळ्यांच्या यादीत ती "शुगरची गोळी" एवढ्याच नावाने लिहिलेली असते, म्हणून स्ट्रिपच घेऊन जा. मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन बहुधा त्या सकाळी देत नाहीत. ॲस्पिरिन ७५ सहसा चालू ठेवतात, पण ती कशासाठी सुरू केली होती ते सांगा. हृदयात स्टेंट असेल तर विषयच वेगळा होतो.

भूल बहुधा कमरेतून देतात. त्याबरोबर मांडीच्या आतल्या बाजूला नसेभोवती औषध सोडतात. त्याने गुडघा सुन्न होतो पण मांडीची ताकद बरीचशी राहते, म्हणूनच त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी वॉकरवर उभं करता येतं. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ट्रानेक्सॅमिक ॲसिड देतात, त्यामुळे रक्त चढवण्याची वेळ आता क्वचित येते.

हे औषध साधारण १२ ते २४ तासांत उतरतं. रुग्ण पहिल्या दिवशी हसतमुख असतो आणि दुसऱ्या रात्री कळवळतो, नातेवाईक घाबरतात. यात काही बिघडलेलं नसतं. गोळी दुखायला लागल्यावर न देता ठरलेल्या वेळी द्या. पॅरासिटामॉल हा पाया. डायक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिबसारख्या गोळ्यांबाबत मात्र सावध राहा: मधुमेह, टेल्मिसार्टन आणि त्यावर ही गोळी असं त्रिकूट जमलं की किडनीवर ताण येतो. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय आणि डॉक्टरांनी किती दिवस ते लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. केमिस्टकडून परस्पर तर नकोच. ट्रामाडॉल (जास्त तीव्र वेदनाशामक) दिलं असेल तर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून ठेवा.

---

लालबागकर

दोघांचेही मनापासून आभार. स्ट्रेस एक्स-रे काढलेला नाही, या आठवड्यात काढतो. तारीख पुढे ढकलू.

आणखी दोन शंका. दोन्ही गुडघे एकदम करावेत का? आणि आई तिसऱ्या मजल्यावर चढणार कशी?

---

फिजिओ_डोंबिवली

जिन्याचं सांगते, पण त्याआधी ज्यावर निकाल ठरतो ते.

घरी गेल्यावर गुडघ्याखाली उशी ठेवू नका. बरं वाटतं म्हणून सगळे ठेवतात आणि गुडघा वाकलेलाच राहतो. आईंचे दहा अंश आधीच कमी आहेत, त्यामुळे इथे जास्त कडक राहायला हवं. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची, गुडघा हवेत, आणि मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा. पाच मोजेपर्यंत धरायचं, दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. पाऊल वर-खाली हलवणं जागेपणी दर तासाला, त्याने पोटरीतलं रक्त वाहतं राहतं. दुमडण्यासाठी पलंगावर टाच सरकवायची, नंतर खुर्चीत बसून चांगल्या पायाने दुखऱ्या पायाला हळूच मागे ढकलायचं. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, व्यायामानंतर.

टप्पे साधारण असे धरा. दोन आठवड्यांपर्यंत ९० अंश, सहा आठवड्यांपर्यंत ११० च्या आसपास. ऑपरेशनआधी जेवढं दुमडत होतं त्याच्या आसपासच शेवटी येतं, त्यामुळे नवीन गुडघ्याने मांडी घालता येईल ही आशा आईंना आधीच देऊ नका. सहा आठवडे होऊनही ९० येत नसेल तर "हळूहळू येईल" म्हणत बसू नका. भूल देऊन गुडघा दुमडून द्यायचा झाला तर तो तीन महिन्यांच्या आत जास्त उपयोगी पडतो. पुढे आतले चिकटे घट्ट होतात.

वॉकर दोन ते चार आठवडे, मग काठी, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. काठी त्याच बाजूला धरली की शरीर तिकडेच झुकतं आणि लंगडणं मुरतं.

आता जिना. नियम एकच: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय, एका पायरीवर दोन्ही पाय. सोबतचा माणूस चढताना मागे एक पायरी खाली, उतरताना पुढे एक पायरी खाली. हॉस्पिटलमध्ये सात-आठ पायऱ्यांची तालीम झाल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. जुन्या चाळींचे जिने उभे आणि पायऱ्या अरुंद असतात, कठडा बहुधा एकाच बाजूला असतो, म्हणून तो चढताना कुठल्या हाताला येतो हे आधी पाहून फिजिओला सांगा, सराव तसाच करून घ्यावा. प्रत्येक मजल्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवा. तीन मजले एकदा चढणं बहुतेकांना जमतं. रोज चढ-उतार मात्र पहिला महिनाभर नको. टाके किंवा स्टेपल १२ ते १४ दिवसांनी काढतात, तेव्हा एकच फेरी व्हावी अशा बेताने फिजिओ आणि रक्ततपासणी घरी बोलवा. तळमजल्यावर नातेवाइकांकडे सहा आठवडे सोय होत असेल तर ती सगळ्यात उत्तम.

सामायिक संडास हा तुमच्याकडचा सगळ्यात अवघड भाग आहे. खाली बसायच्या संडासाचा विचार पुढे कधीच करू नका, अर्ध्या गुडघ्यातही नाही. चार पायांची, खाली बादली असलेली कमोड खुर्ची आधीच आणा. उंची अशी हवी की बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील आणि तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. आईंच्या उंचीला पाय कमी-जास्त करता येणारीच घ्या, हातवाली, पायांना रबरी बूच असलेली. तीच आंघोळीला चालते. पलंगही त्याच उंचीचा हवा, खाली गादी घालून झोपणं बंद. तारीख पावसाळ्यात येत असेल तर गॅलरीच्या ओल्या लादीचा विचार करा. पडून सांध्याजवळ हाड मोडलं तर ते पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड प्रकरण होतं.

गर्दीची लोकल निदान सहा आठवडे नको. पुढेही चढता-उतरताना धक्का बसणार नाही अशी वेळ निवडा.

काय चालतं ते लिहून ठेवा, म्हणजे रात्री घाबरायला होणार नाही. गुडघा काही महिने गरम लागतो. सूज संध्याकाळी वाढते, ती तीन ते सहा महिने राहू शकते. काळंनिळं उतरत घोट्यापर्यंत येतं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला हाताएवढा पट्टा बधिर राहतो, कारण त्वचेची बारीक नस कापली जातेच. तो लहान होत जातो, पण पूर्ण जाईलच असं नाही. चालताना टकटक आवाज येतो. पहिले काही आठवडे रात्री झोपमोड होते.

---

अस्थिरोग_परळ

दोन्ही गुडघ्यांबद्दल. ६७ वय, मधुमेह, रक्तदाब असताना मी दोन्ही एकदम करण्याच्या बाजूचा नाही. हृदयावर आणि फुप्फुसांवर ताण, रक्ताच्या गुठळ्या, रक्त चढवण्याची गरज हे सगळं वाढतं. एक करा आणि पूर्ण सावरल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, दुसरा.

---

फिजिओ_डोंबिवली

सहमत, पण एक पुस्ती. डावा गुडघाही वाकलेला असेल तर उजवा सरळ झाल्यावर पायांच्या लांबीत फरक जाणवतो, आणि सगळा भार त्या दुखऱ्या डाव्यावर येतो. अशा वेळी तीन महिने फार लांबतात, पहिल्या गुडघ्याचा व्यायामही मागे पडतो. डावा कितपत सहन करतोय ते ऑपरेशनआधी नीट तपासून घ्या. तोवर त्याच्या चपलेत पातळ टाच लावली तरी बराच फरक पडतो.

---

दावा_डेस्क_दादर

पैशांचं थोडक्यात. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या (बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या) कमाल किमती बांधल्या. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम पूर्ण गुडघ्याची मर्यादा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी होती. पुढे आकडे सुधारले गेलेत, म्हणून चालू दर प्राधिकरणाच्या यादीत पाहा. बिलात इम्प्लांट वेगळ्या ओळीत, कंपनी आणि बॅच क्रमांकासह मागा. "पॅकेज" या एका शब्दावर समाधान मानू नका. पॅकेजबाहेर काय आहे ते लेखी घ्या: रोबोटचं शुल्क, सीटी स्कॅन, फिजिओ, जादा दिवस.

विम्यात तीन गोष्टी पाहा. सांधेबदलाचा प्रतीक्षाकाळ संपलाय का. रोबोटिकला वेगळी मर्यादा आहे का, कारण अनेक पॉलिसींत असते. आणि खोलीभाड्याची मर्यादा किती. ती ओलांडली तर काही पॉलिसींत नुसतं भाडं कापत नाहीत, इतर खर्चही त्याच प्रमाणात कापतात. कॅशलेसच्या अर्जाबरोबर उभं राहून काढलेला एक्स-रे जोडा, नाहीतर शंका काढून तारीख जाते.

डिस्चार्जच्या कागदांवर इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले हवेत. दहा-पंधरा वर्षांनी दुरुस्तीची वेळ आली तर कुठला भाग कुठल्या मापाचा हे त्यावरूनच कळतं.

दुसरं मत हवं असेल तर केईएम, सायन, नायर किंवा जे.जे.च्या अस्थिरोग ओपीडीत केसपेपर काढून जा. रांग मोठी असते, पण फिल्म्स आणि सगळे जुने कागद एकत्र नेले तर एका फेरीत काम होतं.

---

लालबागकर

स्टिकरचं कोणीच सांगितलं नव्हतं. शेवटचं एक: घरी आणल्यावर कुठल्या लक्षणांवर ताबडतोब धावायचं? जवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे आधी नेलं तर चालेल का?

---

अस्थिरोग_परळ

छातीत दुखणं, अचानक धाप लागणं: थेट इमर्जन्सी, कोणाला फोन करत बसू नका. एका पोटरीत दुखणं आणि दाबल्यावर कळ, सूज रात्रभर पाय उंच ठेवूनही न उतरणं: त्याच दिवशी डॉप्लर तपासणी (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी). गुठळी होऊ नये म्हणून घरी काही आठवडे गोळी किंवा पोटात इंजेक्शन देतात. ती गोळी ॲस्पिरिन असेल तर आधीची ७५ ची त्यात धरली आहे की वेगळी, हे डिस्चार्जच्या वेळीच विचारा. दोन्ही चालू राहून दुप्पट होण्याची चूक सर्रास घडते.

पहिले दोन-तीन दिवस अंगात कणकण असते. त्यानंतर थंडी वाजून ताप, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, जखमेभोवती पसरत जाणारी लाली यांची दखल घ्या. ड्रेसिंग पाच-सात दिवसांनंतरही ओलं होत असेल तर ते "थोडं पाणी येतंय" म्हणून सोडू नका, त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा.

फॅमिली डॉक्टरांकडे साखर आणि रक्तदाबासाठी जरूर जा. जखमेसाठी मात्र नको, आणि कोणी अँटिबायोटिक लिहून दिलं तरी सर्जनशी बोलल्याशिवाय सुरू करू नका. सांध्यातलं पाणी तपासायच्या आधी दोन-चार गोळ्या पोटात गेल्या की तपासणीत जंतू सापडत नाही, लाली तात्पुरती ओसरते, आणि आतला संसर्ग धातूवर थर धरून बसतो. पहिल्या काही आठवड्यांत कळलं तर सांधा उघडून, धुऊन, मधलं पॉलिइथिलीन बदलून तोच गुडघा वाचवता येतो. उशीर झाला तर बहुधा सगळं काढावं लागतं, आणि नवीन बसवायला दुसरं ऑपरेशन. म्हणून डिस्चार्ज घेताना रात्री-अपरात्री उचलला जाईल असा वॉर्डचा किंवा युनिटचा फोन नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.